वरच्या डोहाचं शून्य

वनिताने जन्मात पहिल्यांदा शोधनिबंध हातात धरला तो जानेवारीतल्या एका रविवारी, अंगणात उन्हाला बसल्या बसल्या. वाचता येत नाही म्हणजे कागद उलटा धरला असेल असं कुणाला वाटेल, तर तसं काही नाही. चौदा पानं तिने एकेक करून उलटली, आकड्यांचा तक्ता आला तिथे जरा थांबली, आणि मग लेकीला विचारलं,

"ह्यात तुझा बा कुठं हाय?"

"शेवटी हाय," करिश्मा म्हणाली आणि तिने तेराव्या पानावर बोट ठेवलं. "आभार म्हणून एक भाग असतो. त्यात लिवलंय, मोजणीला चंदर हिलम यांची मदत झाली."

"शेवटी?" वनिताने कागद मांडीवर ठेवले. "शेवटी कसा गो? तो तर सगळ्यांच्या आधी उठायचा."

इंग्रजी निबंधाची रीतच तशी असते, आभार शेवटीच येतात, असं काहीबाही पुटपुटत करिश्मा भाकऱ्या थापायला उठली. पण आयचं ते बोलणं तिला लागलं ते लागलंच.

चंदरला जाऊन आठ महिने होत आले होते. कावीळ झाली, ती अंगावर काढली, पाल्याने उतरेल म्हणत राहिला, आणि रोह्याला नेला तोवर वेळ टळून गेली होती. कोलाडच्या अलीकडे हायवे सोडून डोंगराच्या अंगाला वळलं की ओढ्याकाठी कातकऱ्यांची वीसेक घरं लागतात, त्यातलं हे शेवटचं घर. ओढ्यावर तीन डोह. वरचा, मधला, खालचा. त्या तीन डोहांत दगडांच्या कपारीला वाम नावाची सापासारखी लांबट मासळी राहते. चंदर मजुरीला जायच्या आधी पहाटे तिन्ही डोहांतले कामट्यांचे सापळे बघून यायचा. त्याचा बाप तेच करायचा, आणि त्याचाही बाप.

करिश्मा मात्र सहाव्या वर्षापासून आश्रमशाळेत. पुढे रोह्याला कॉलेज, मग पेणला होस्टेलवर राहून एम.एस्सी. वाडीतली पहिलीच. रोह्याला शेवटच्या वर्षी प्राणिशास्त्राच्या प्रोजेक्टला विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिच्या डोक्यात आलं, आपल्या घरात रोज पहाटे एक माणूस मासे पकडतो, त्याचाच हिशेब का ठेवू नये? तिने बापाला तीन डबे आणून दिले. वरच्या डोहाच्या डब्याला लाल चिंधी, मधल्याला पांढरी, खालच्याला काळी. "बा, वाम गावली की ज्या डोहाची त्या डब्यात एक चिंचोका टाक. रोजच्या रोज पुडी बांधून ठेव. मी रविवारी येऊन मोजंन." चंदरने दोन वर्षं, दसऱ्यापासून वळवापर्यंत, एक दिवस चुकवला नाही. अंगात ताप असताना गेला, पुतण्याच्या हळदीदिवशी गेला. पुड्या अशा ओळीने लावून ठेवायचा की दुकानदाराने शिकावं.

पहिल्या वर्षी वरच्या डोहाचे अठ्ठावन्न चिंचोके आले. त्या उन्हाळ्यात वरच्या आणि मधल्या डोहाच्या मध्ये एक बंधारा बांधला गेला. दुसऱ्या वर्षी वरच्या डोहाचे नऊच चिंचोके, आणि मार्चपासून पुढे तर लाल चिंधीचा डबा रिकामाच. सलग त्र्याहत्तर दिवस शून्य. मधला आणि खालचा डोह मात्र होते तसेच. यातून काय निघतं ते शाळेतलं पोरही सांगेल. बंधाऱ्याने वाट अडली आणि वरच्या डोहातून वाम नाहीशी झाली. करिश्माच्या निबंधाचं नावच ते होतं.

कॉलेजात पहिल्यांदा हे आकडे तिने मांडले तेव्हा तिच्याच वर्गातला हर्षद हसून म्हणाला होता, "चिंचोक्यांचा डेटा! सर, आता सागरगोटेही आणू का?" वर्ग खदखदला. करिश्मा लाल झाली होती, पण गप्प बसली नाही. ती म्हणाली, "माझ्या बापाला लिहिता येत नाही. पण त्याची मोजणी एकानेही चुकायची नाही. लावा पैज." नंतर हर्षदने माफी मागितली, दोघांची मैत्रीही झाली. पण ते वाक्य तिच्या तोंडून गेलं ते गेलंच. चंदर शेवटी पडला होता तेव्हा तिने त्याच्या कानाशी सांगितलं होतं, "बा, तुझी मोजणी छापून आणते." त्याने मान हलवली की नुसता श्वास घेतला ते तिला कळलं नव्हतं. पण तेव्हापासून तिला एवढंच हवं होतं, की आपल्या बापाची मोजणी खरी होती हे चार शहाण्या माणसांनी मान्य करावं.

सोमवारी तिने निबंध इद्रीस धनसे सरांपुढे ठेवला. हे तिचे मार्गदर्शक. मूळचे मुरुडकडचे, पण पेणला घर करून पंचवीस वर्षं झालेली, आणि घर अगदी गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत. माणूस तुसडा नव्हता, पण कागद हातात घेतला की दयामाया ठेवायचा नाही. त्यांनी पानं चाळली आणि तिसऱ्या पानावर थांबले.

"मेथड चार ओळींची?"

"सर, तेवढीच आहे. रोज सकाळी तिन्ही डोहांतले सापळे तपासून सापडलेल्या सर्व वाम मोजल्या."

"कोणी? किती वाजता? आधी कुठला डोह? सापळा पाण्यात कसा ठेवला, तोंड कुठल्या दिशेला? पकडलेल्या वामेचं पुढे काय केलं?" सरांनी पेन टेबलावर टेकवलं. "करिश्मा, प्रस्तावनेत आपण सांगतो प्रश्न काय पडला. रिझल्टमध्ये सांगतो काय दिसलं. डिस्कशनमध्ये सांगतो त्याचा अर्थ काय लावला. हे तिन्ही लोक वाचतात. मेथड कुणी वाचत नाही, आणि निबंध उभा असतो तो मेथडवर. मेथड म्हणजे वाट. तुझ्या मागून कुणी आलं तर त्याला त्याच वाटेने जाता आलं पाहिजे. तुझ्या या चार ओळींवरून मी तुझ्या वडिलांच्या मागे चार पावलंही जाऊ शकत नाही."

सर पानं उलटत पहिल्या पानावर आले.

"आणि सारांश केव्हा लिहिलास?"

"सगळ्यात आधी, सर. पहिल्या पानावर येतो ना."

सरांनी कपाळाला हात लावला. "आमच्या आळीत ये एकदा. बघ, मूर्तीचे डोळे केव्हा काढतात ते. साचा, भराव, सुकवण, रंग, सगळं झाल्यावर शेवटी आखणी. बघणारा आधी डोळे बघतो म्हणून कारागीर आधी डोळे काढत नाही. तू मूर्ती उभी राहायच्या आत डोळे काढून मोकळी झालीस. जा घरी. मेथड विचारून ये. वीस फेब्रुवारीला पाठवायचाय."

विचारून ये म्हणे. कुणाला विचारायचं? पण गाडीत बसल्यावर तिला सुचलं की आय आहे. दोघांचा संसार सव्वीस वर्षांचा, लग्न नवं होतं तेव्हा वनिता चंदरबरोबर ओढ्यावर जायची हे तिने ऐकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी उजाडता उजाडता ओढ्यावर गेल्या. करिश्माच्या हातात वही. वनिता पुढे, पदर खोचून, दगडावरून दगडावर पाय टाकत. थंडी मी म्हणत होती.

"आधी वरचा डोह," वनिता म्हणाली. "कायम आधी वरचा. सापळा असा, तोंड खालच्या अंगाला. वाम पाण्याच्या उलटी चढते नं, म्हणून."

करिश्माने लिहून घेतलं. किती हात खोल, आत आमिष काय, वर कुठला दगड. आय एवढं सगळं सांगू शकेल असं तिला वाटलंच नव्हतं. तिला बरं वाटत होतं. सरांना आता चार ओळींच्या जागी दोन पानं दाखवता येतील.

"सापळा काढला, वाम गावली. मग?"

"मग सोडायची."

"सोडायची म्हणजे?"

"पयली सोडायची नं," वनिता म्हणाली, जणू पाणी ओलं असतं हे सांगावं तशी. "हा डोह आसरांचा. ह्यातली रोजची पयली वाम आसरांची. ती पाण्याला परत द्यायची नि मागं न बघता खाली यायचं. दुसरी गावली तर ती आपली. मधल्या नि खालच्या डोहाचं तसलं काय नाय, तिथलं सगळं आपलं."

साती आसरा, पाण्याच्या देवता, डोहात राहतात हे करिश्माला माहीत होतं. डोहाच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड तिने लहानपणापासून पाहिलेले होते. पण पहिल्या वामेचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्यावरचं पाण्यावर ठेवायचं, घरी येऊन बोलायचं नाही, हीही रीतच. आणि ती तर सुट्टीपुरती घरी येणारी.

तिचं पेन थांबलं होतं. "आय, त्या सोडलेल्या वामेचा चिंचोका बा टाकायचा?"

वनिताने तिच्याकडे बघितलं. "तिचा कसा टाकंल? जी आपली नाय ती आपण मोजायची कशाला?"

अरे देवा! करिश्मा तिथेच दगडावर बसली. दोन वर्षांचा लाल चिंधीचा डबा तिच्या डोळ्यांपुढे आला. पहिल्या वर्षीचे अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न नव्हेत. दुसऱ्या वर्षीचे नऊ म्हणजे नऊ नव्हेत. ते एक वेळ सोसलं असतं. पण ते त्र्याहत्तर दिवस? ज्या दिवशी डब्यात एक चिंचोका, त्या दिवशी वाम दोन. आणि ज्या दिवशी शून्य, त्या दिवशी? एकही नसेल. किंवा एक असेल, आणि ती बापाने सोडली असेल. कुठल्या दिवशी काय, हे सांगणारा माणूस आता नव्हता. आणि तिने तर पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं की वाम नाहीशी झाली.

बापाची मोजणी एकानेही चुकायची नाही असं ती छातीठोकपणे बोलली होती. ती बरोबर एकानेच चुकली होती.

पेणला परतल्यावर तिने आधी हर्षदला सांगितलं. तो हसला नाही, ही त्याची माणुसकी. पण सल्ला द्यायचा तो दिलाच. "अगं, मेथडमधला 'सर्व' हा शब्द काढून टाक. बास. सापडलेल्या वाम मोजल्या. खोटं काहीच नाही त्यात. कोण विचारणार आहे? आणि तूच सांगितलंस की वडील चुकले, तर लोक काय म्हणतील ते ऐकवेल का तुला?"

तीच तर गोम होती. दोन रात्री करिश्माने होस्टेलच्या खाटेवर कूस बदलत काढल्या. सांगावं तर बाप छापील कागदावर चुकीचा ठरतो, आणि तो उठून आपली बाजू मांडायला येणार नाही. न सांगावं तर त्याच्या नावावर एक खोटं छापून येतं. त्याने जन्मात कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, अगदी जंगल खात्याच्या माणसालाही नाही, आणि त्यापायी मारही खाल्ला होता. तिला बापाचा राग आला. सांगायचंस ना रे बा, एवढं एक सांगायचंस! मग रडू आलं. रडू ओसरल्यावर मात्र तिला कळलं की त्याने का सांगितलं नाही. तिने विचारलंच नव्हतं.

गुरुवारी ती सरांच्या खोलीत उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सरांनी निबंधाचं तिसरं पान उघडलं. बाहेर कुठल्यातरी वर्गाची हजेरी चालली होती.

"दोन वर्षं तू दर रविवारी घरी जात होतीस," ते म्हणाले. "एकदा तरी त्यांच्याबरोबर पाण्यावर गेलीस?"

"नाय सर."

"का?"

"बा म्हणायचा, दोघं गेली की मासा लाजतो."

"आणि तू ते मानलंस? विज्ञान शिकणारी मुलगी?"

"नाय सर. मानलं नाय. मला पहाटे उठायचा कंटाळा यायचा. मी झोपून राहायचे."

ते तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज एवढी वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. सर उठले, त्यांनी स्वतः पाण्याचा ग्लास भरून तिच्यापुढे ठेवला.

"ऐक," ते म्हणाले. "ही त्यांची चूक नाही. त्यांनी एक नियम धरला आणि चारशेहून जास्त दिवसांत तो एकदाही मोडला नाही. प्रयोगशाळेत यंत्रं मोडतात. नियम काय आहे ते तू विचारलं नाहीस, ही चूक तुझी, आणि ती आधीच पकडली नाही म्हणून माझी. आता नियम कळला. नियम कळला की मोजणी खोटी राहत नाही, ती नेमकं काय मोजते ते कळतं. तुझे वडील वरच्या डोहात दुसऱ्या वामेपासून पुढे मोजत होते. हे लिही. जसंच्या तसं लिही. मेथड असते ती यासाठीच, बये, माणसाला चोर ठरवायला नसते."

"मग निबंधाचं काय, सर? नाहीशी झाली हे तर आता म्हणता येणार नाही."

"नाही येणार. नाव बदल. सारांश फाड. वरच्या डोहाच्या त्र्याहत्तर दिवसांपुढे शून्य लिहू नकोस. सांगता येत नाही असं लिही. निबंध बारीक होईल. होऊ दे." मग ते म्हणाले, "वीस तारखेला अजून दिवस आहेत. सापळे आहेत का घरी?"

सापळे होते. आठ महिने वळचणीला टांगलेले, वनिताने त्यांना हात लावला नव्हता. एकाच्या कामट्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या तिने अंगणात बसून नव्या विणल्या. करिश्मा नऊ दिवसांची रजा काढून घरी आली.

आता तिला पहाट कळली. ते दवाने ओले दगड, बोटं बधिर करणारं पाणी, आणि आधीच्या दिवशी मजुरीवर राबलेल्या अंगाने इथे यायचं म्हणजे काय, तेही कळलं. तो एकटा यायचा, रोज. पहिल्या दिवशी वरचा सापळा रिकामा. दुसऱ्या दिवशी रिकामा. तिसऱ्या दिवशी एक खेकडा. चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी काही नाही. मधल्या आणि खालच्या डोहात वाम मिळत होती, तिची कढी होत होती, पण करिश्माचा जीव वरच्या सापळ्यात अडकलेला. कदाचित खरंच नाहीशी झाली असेल, तिला वाटायचं, मग माझं पहिलं पानच खरं होतं. आणि तसं वाटलं की स्वतःचीच शरम यायची, की निबंध टिकावा म्हणून आपण वाम नसावी असं म्हणतोय!

आठव्या दिवशी सापळा उचलताना जड लागला. आत काहीतरी वळवळलं. वीतभरापेक्षा लांब, तपकिरी, पाठीवर बारीक काट्यांची रांग. वाम! सापळा धरून करिश्मा तशीच गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं.

"एकच हाय," ती म्हणाली.

"एकच हाय म्हणूनच सोडायची," वनिता काठावरून म्हणाली. आणि मग ती आठ महिन्यांत पहिल्यांदा नवऱ्याबद्दल भरभरून बोलली. "हेच म्हणायचा तुझा बा. गेल्या उन्हाळ्यात मी भांडले त्याच्याशी. खालच्या डोहात बी दोन-दोन दिवस काय गावायचं नाय, काम बंद, घरात चटणी-भाकर. मी म्हटलं, वरची एक तरी आण, आसरा काय उपाशी मरत नाय. तर म्हणाला, वनिता, धा असत्या तर एक आणली असती. एकच हाय म्हणूनच सोडायची. मी तीन दिस बोलले नाय त्याच्याशी."

"आय! म्हणजे गेल्या उन्हाळ्यात गावत होती? किती दिवस?"

"ते मला काय म्हाईत? मी मोजत नव्हते. लय दिस घरात चटणीच होती, येवढं आठवतं."

करिश्माने सापळ्याचं तोंड पाण्यात धरलं. वाम क्षणभर तशीच राहिली, मग कपारीकडे सटकन गेली. मागे बघायचं नाही म्हणून तिने बघितलं नाही. खाली उतरताना तिने पिशवीतून चिंचोका काढला.

"नको गो," वनिता म्हणाली. "ती आपली नाय."

"आपल्या डब्यात नाय टाकत, आय." तिने रिकामा चौथा डबा आणला होता, बिनचिंधीचा. "हा आसरांचा." वनिताने त्यावर विचार केला, आणि मग मान डोलावली.

नवव्या दिवशी सापळा पुन्हा रिकामा निघाला.

आजच्या एका वामेवरून त्या त्र्याहत्तर दिवसांचं काही ठरत नाही, हे करिश्माला ठाऊक होतं, आणि तिने तसंच लिहिलं. आयचं बोलणंही लिहिलं, पण आठवण म्हणून लिहिलं, मोजणी म्हणून नाही. मेथड तीन पानांची झाली. त्यात पहाटेची वेळ होती, कामट्यांचं अंतर होतं, सापळ्याच्या तोंडाची दिशा होती, आणि एक परिच्छेद असा होता: वरच्या डोहात रोज सापडणारी पहिली वाम मोजणारे चंदर हिलम जिवंत परत सोडत आणि तिची नोंद करत नसत, या डोहाचे सर्व आकडे हे लक्षात घेऊन वाचावेत. सारांश तिने शेवटी लिहिला. वाम कमी झालेली दिसते, नाहीशी झाली असं म्हणता येत नाही, एवढाच.

सरांनी सगळं वाचलं, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले, आणि पाठवायचा फॉर्म कॉम्प्युटरवर उघडला. "लेखकांची नावं. पहिलं तुझं. चालेल?"

"सर, बाचं नाव आभारात नको."

"मीही तेच म्हणणार होतो. ज्याची मेथड तो लेखक. नावापुढे खूण करून खाली ओळ टाकू, आता हयात नाहीत म्हणून. तशी सोय असते. तू, ते, मग मी."

"बा पहिला. मग मी."

सरांनी चष्मा काढला. "करिश्मा, पुढे पीएच.डी.च्या फेलोशिपला पहिलं नाव कुणाचं आहे तेच बघतात. हा तुझा एकुलता एक पेपर आहे. नीट विचार कर."

"केलाय, सर. एकच हाय म्हणूनच." ती म्हणाली, "आमच्यात पहिलं आपलं नसतं."

सरांनी चष्मा पुन्हा लावला. त्यांनी टाइप करायला सुरुवात केली, एकेक अक्षर, आणि आडनावाचं स्पेलिंग तिला दोनदा विचारून घेतलं.

त्या रविवारी वनिता अंगणात उन्हाला बसली होती. करिश्माने कागद तिच्या मांडीवर ठेवले.

"आता कुठं हाय?" वनिताने विचारलं.

करिश्माने तिचं बोट धरून पहिल्याच पानावर, नावाच्या खालच्या ओळीत, पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवलं.

"सगळ्यांच्या आधी?"

"सगळ्यांच्या आधी."

वनिताने बोट उचललं नाही. ते तसंच त्या काळ्या अक्षरांवरून सरकत गेलं, हिलम संपेपर्यंत, आणि परत मागे आलं. डोळे तिने पुसले नाहीत.

"नि त्यानं सोडलेल्या?"

"किती ते नाय कळलं, आय. पण सोडायचा ते लिवलंय."

"बरं झालं," वनिता म्हणाली. कागद तिने पदराखाली घेतले आणि वळचणीच्या सापळ्यांकडे बघितलं. "रातच्याला लवकर निज. पहाटे मी हाक मारीन."